टॉमकॅटवर ४०४ येतोय? कोडला हात लावायच्या आधी हे बघा

सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा क्लास, लिहून झालं, एक्लिप्स या कोड एडिटरमध्ये 'रन ऑन सर्व्हर' दाबून ते टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालवलं आणि समोर निळसर पट्टीत 'एचटीटीपी स्टेटस ४०४ – नॉट फाउंड'. यावर नवीन माणूस पहिलं काय करतो तर कोड उघडून बसतो, चार ठिकाणी काहीबाही बदलतो, मग टॉमकॅट काढून परत टाकतो, मग एक्लिप्स काढून परत टाकतो, आणि एवढं सगळं करून ४०४ आपला जागच्या जागी. बऱ्याचदा कोड पहिल्यापासून बरोबरच असतो, फक्त रिक्वेस्ट त्याच्यापर्यंत पोचतच नसते.

हे आधी डोक्यात पक्कं करा. तुमचा कोड चालला आणि मध्येच फुटला तर ५०० येतो. सर्व्हलेटमध्ये फक्त डूपोस्ट (पोस्ट रिक्वेस्ट घेणारी मेथड) लिहिलंय आणि तुम्ही ॲड्रेस बारमध्ये यूआरएल टाकून एंटर मारलं, म्हणजे गेट रिक्वेस्ट गेली, तर ४०५ येतो, आणि तो आला तर खूश व्हा कारण पत्ता बरोबर आहे. सर्व्हरच बंद असेल तर आकडा-बिकडा काही येत नाही, ब्राउझर सरळ सांगतो कनेक्शन रिफ्यूज्ड. ४०४ म्हणजे कोणीतरी सर्व्हर चालू आहे, त्याने तुमची रिक्वेस्ट घेतली, आणि त्या पत्त्यावर त्याला काही सापडलं नाही. म्हणून प्रश्न दोनच: हा ४०४ दिला कोणी, आणि कुठल्या पाथसाठी दिला. बाहेरून आत जायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुटलं तेच कळत नाही.

उदाहरणाला आपण 'दुकान' नावाचं ॲप घेऊ, यूआरएल लोकलहोस्ट:८०८०/दुकान/लॉगिन. यात तीन भाग आहेत. लोकलहोस्ट:८०८० हा सर्व्हर, /दुकान हा कॉन्टेक्स्ट पाथ म्हणजे ॲपचं नाव, आणि /लॉगिन हे तुमच्या सर्व्हलेटचं मॅपिंग, म्हणजे त्याला नेमून दिलेला पत्ता. सोसायटी, विंग आणि फ्लॅट नंबर समजा. विंगच चुकली तर फ्लॅटची बेल बिघडलीय का ते तपासून उपयोग नाही, आणि नवीन लोक नेमकं तेच करतात.

समोर टॉमकॅटच आहे ना?

हसू नका, ८०८० हा पोर्ट सगळ्यांचा लाडका आहे. जेन्किन्स (आपोआप बिल्ड करणारं टूल) बाय डीफॉल्ट ८०८० वरच बसतो. कॉलेजच्या आणि क्लासच्या लॅबमध्ये ओरॅकल एक्सप्रेस एडिशन या डेटाबेसची जुनी व्हर्जनं अजून सापडतात, तीसुद्धा ८०८० धरून बसतात, आणि ओळखायची खूण म्हणजे लोकलहोस्ट:८०८० उघडलं की ब्राउझर यूजरनेम-पासवर्डचा छोटा डबा पुढे करतो आणि त्यात कुठेतरी एक्सडीबी लिहिलेलं असतं. तो टॉमकॅटचा पासवर्ड नाहीये, शोधत बसू नका, टॉमकॅटचा पोर्ट सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये ८०८१ वगैरे करा आणि पुढे चला.

टॉमकॅटच्या एरर पेजच्या तळाला, कोणी सेटिंग बदललं नसेल तर, 'अपाची टॉमकॅट' आणि पुढे व्हर्जन लिहिलेलं असतं. ते व्हर्जन कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. मधोमध नुसतं '४०४ नॉट फाउंड' आणि रेषेखाली एनजिनएक्स असं असेल तर नकार टॉमकॅटने नाही, त्याच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत पाठवणाऱ्या एनजिनएक्स या प्रॉक्सीने दिलाय. 'व्हाइटलेबल एरर पेज' दिसलं तर ते स्प्रिंग बूट (जावा वेब ॲप्सचं फ्रेमवर्क) बोलतंय, म्हणजे सर्व्हर उठलाय, ॲप उठलंय, फक्त तुमचा कंट्रोलर (स्प्रिंगमध्ये रिक्वेस्ट घेणारा क्लास) जुळला नाही. हे पेज दिसल्यावर निम्मं काम झालेलं असतं खरं तर.

आता एक्लिप्सवाल्यांसाठी खास गोष्ट, यात जवळजवळ प्रत्येक जण एकदा अडकतो. एक्लिप्समधून टॉमकॅट चालू केला, कन्सोलमध्ये 'सर्व्हर स्टार्टअप इन अमुक मिलिसेकंद' आलं, लोकलहोस्ट:८०८० उघडलं आणि ४०४. पिवळ्या मांजराचं वेलकम पेज नाही. लोकांना वाटतं टॉमकॅट खराब आहे. तसं काही नाही, एक्लिप्स टॉमकॅट चालवताना स्वतःच्या वर्कस्पेसमधलं वेगळं फोल्डर वापरतो आणि तिथे टॉमकॅटचं रूट ॲप (वेलकम पेज त्यातच असतं) टाकतच नाही, त्यामुळे नुसत्या स्लॅशवर ४०४ येणं हेच तिथे बरोबर आहे. तुमचं ॲप /दुकान वर चालत असेल तर या ४०४ कडे दुर्लक्ष करा. वेलकम पेज पाहिजेच असेल तर सर्व्हर्स टॅबमध्ये सर्व्हरवर डबल क्लिक करून 'सर्व्हर लोकेशन्स'मध्ये 'यूज टॉमकॅट इन्स्टॉलेशन' निवडा. तो पर्याय करडा दिसत असेल तर आधी सर्व्हर थांबवा, त्यावरचे प्रोजेक्ट काढा, क्लीन करा, मग तो उघडतो.

एरर पेजवरचा पाथ अक्षर न् अक्षर वाचा

टॉमकॅट मेसेजमध्ये सांगतो की 'द रिक्वेस्टेड रिसोर्स' आणि पुढे चौकटी कंसात पाथ, 'इज नॉट अव्हेलेबल'. त्या कंसात काय आहे ते बघा. तिथे /दुकान/लॉगिन आहे का नुसतंच /लॉगिन?

नुसतं /लॉगिन असेल तर रोग सापडला. पेज नीट उघडतं पण बटण दाबलं की ४०४, असं असेल तर शंभर टक्के हेच बघा. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये तुम्ही /लॉगिन लिहिलंय, आणि ब्राउझरसाठी सुरुवातीचा स्लॅश म्हणजे सर्व्हरचं मूळ, त्याला बिचाऱ्याला काय माहीत तुमचं ॲप /दुकान खाली राहतं. जेएसपीमध्ये (एचटीएमएलमध्ये जावा मिसळून बनवलेलं पेज) पेजकॉन्टेक्स्ट डॉट रिक्वेस्ट डॉट कॉन्टेक्स्टपाथ हे एक्स्प्रेशन आधी लावा आणि मग /लॉगिन. कॉन्टेक्स्टचं नाव हाताने टाईप करून ठेवू नका, उद्या वॉर फाईलचं (अख्खं ॲप बांधलेली फाईल) नाव बदललं की सगळ्या लिंक एकदम मेल्या.

जावा कोडमध्ये हाच घोळ जरा वेगळ्या रूपात येतो. सेंडरीडायरेक्टला /होम दिलं तर तो ब्राउझरला परत पाठवतो, म्हणजे सर्व्हरच्या मुळापासून मोजतो, कॉन्टेक्स्ट पाथ तुम्हालाच जोडावा लागतो. रिक्वेस्टडिस्पॅचरच्या फॉरवर्डला /होम दिलं तर तो ॲपच्या आतल्या आत फिरतो, तिथे कॉन्टेक्स्ट पाथ जोडायचा नसतो, जोडला तर उलट ४०४. म्हणजे एकाच सर्व्हलेटमध्ये वरच्या ओळीत कॉन्टेक्स्ट पाथ लागतो आणि खालच्या ओळीत लागत नाही. नियम म्हणून हे काही फार सुंदर नाही, पण आहे हे असं आहे.

आणि मेसेजमध्ये तुम्ही न मागितलेला पाथ दिसला, म्हणजे मागितलं लॉगिन आणि मेसेज म्हणतो अमुक जेएसपी फाईल नॉट फाउंड, तर आनंदाची बातमी, तुमचं सर्व्हलेट चाललंय. फक्त ज्या जेएसपीला त्याने फॉरवर्ड केलं ती त्या जागी नाही.

स्पेलिंगमधलं लहान-मोठं अक्षरही इथेच तपासा. विंडोजवर सवय असते की कॅपिटल काय स्मॉल काय फरक पडत नाही, पण टॉमकॅटला पडतो, विंडोजवरसुद्धा. वॉर फाईलच्या नावात कॅपिटल डी असेल तर यूआरएलमध्येही कॅपिटल डीच पाहिजे. वॉर फाईलचं नाव हाच कॉन्टेक्स्ट पाथ होतो, त्यामुळे मेव्हन या बिल्ड टूलने दुकान-१.०-स्नॅपशॉट अशी फाईल बनवली आणि तुम्ही तीच उचलून टॉमकॅटच्या वेबॲप्स फोल्डरमध्ये टाकली तर पाथसुद्धा तेवढाच लांबलचक. पोममध्ये (मेव्हनची सेटिंग फाईल) फायनलनेम देऊन टाका, सुटला विषय. एक्लिप्समध्ये मात्र नाव प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमधल्या 'वेब प्रोजेक्ट सेटिंग्ज'मधून येतं, आणि प्रोजेक्ट कॉपी-पेस्ट करून नवा बनवला असेल तर तिथे हमखास जुन्याचंच नाव पडलेलं असतं.

ॲप उठलं तरी का?

पाथ बरोबर आहे, सर्व्हर बरोबर आहे, तरी ॲपमधल्या सगळ्याच पेजेसना ४०४, अगदी साध्या एचटीएमएलला पण. मग ॲप स्टार्टच झालेलं नाही असं धरून चाला. टॉमकॅटचं असं आहे की एक ॲप सुरू होताना पडलं तरी तो स्वतः चालूच राहतो, आणि त्या ॲपच्या नावाने कोणी आलं की शांतपणे ४०४ देतो. इथे ब्राउझर काहीच सांगणार नाही, लॉग उघडावाच लागेल.

लॉग्स फोल्डरमध्ये कॅटलिना नावाची फाईल असते, तिच्यात 'कॉन्टेक्स्ट /दुकान स्टार्टअप फेल्ड ड्यू टू प्रीव्हियस एरर्स' अशी ओळ शोधा. ही ओळ सापडली की लोक तीच कॉपी करून गूगल करतात आणि हजार वेगवेगळी उत्तरं मिळतात, कारण ती ओळ कारण सांगतच नाही, ती म्हणते कारण आधी सांगून झालंय. तिच्या वर जा. वर 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट, फुल डिटेल्स विल बी फाउंड इन द ॲप्रोप्रिएट कंटेनर लॉग फाईल' असं असेल तर खरं कारण दुसऱ्या फाईलमध्ये आहे, त्याच फोल्डरमधली लोकलहोस्ट आणि पुढे आजची तारीख अशा नावाची. नवीन लोकांना ही फाईल माहितीच नसते. तिच्यात लांबलचक स्टॅक ट्रेस असेल, घाबरायचं नाही, खाली खाली जात शेवटचं 'कॉज्ड बाय' शोधायचं आणि तेवढी ओळ वाचायची. एक्लिप्समधून चालवत असाल तर हे सगळं बहुतेक कन्सोलमध्येच ओतलेलं मिळतं, फक्त खूप वर सरकवावं लागतं.

तिथे काय काय सापडतं? एक म्हणजे 'इनव्हॅलिड यूआरएल-पॅटर्न'. वेबसर्व्हलेट ॲनोटेशनमध्ये (क्लासच्या वर @ लावून लिहितात ती खूण) तुम्ही /लॉगिन च्या ऐवजी नुसतं लॉगिन लिहिलं, स्लॅश विसरलात, तर फक्त ते सर्व्हलेट नाही, अख्खं ॲप पडतं. एका स्लॅशसाठी एवढी शिक्षा जास्तच आहे, पण असो. दुसरं, दोन सर्व्हलेटना एकच पॅटर्न दिला, म्हणजे आधीची फाईल कॉपी करून नवं सर्व्हलेट बनवलं आणि ॲनोटेशनमधलं नाव बदलायचं राहिलं, तरी तेच होतं, 'बोथ मॅप्ड टू द यूआरएल-पॅटर्न' असं लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं. या दोन्ही चुकांनी एक्लिप्समध्ये तर कधीकधी ४०४ पण येत नाही, सर्व्हरच 'फेल्ड टू स्टार्ट' म्हणून खाली बसतो. तिसरं, 'क्लासनॉटफाउंड' आणि पुढे स्प्रिंगचा कॉन्टेक्स्टलोडरलिसनर. त्या क्लासचा जार (लायब्ररीची फाईल) पोममध्ये आहे, एक्लिप्सला दिसतोय, कंपाईल होतंय, पण टॉमकॅटपर्यंत जात नाही. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिप्लॉयमेंट असेंब्ली' उघडा आणि तिथे मेव्हन डिपेंडन्सीज ही ओळ आहे का बघा, नसेल तर ॲड करा.

लॉगमध्ये तुमच्या ॲपचं नावच नसेल, चांगलं नाही वाईट नाही काहीच नाही, तर वॉर फाईल योग्य वेबॲप्स फोल्डरमध्ये पडलीच नाही. मशीनवर दोन टॉमकॅट असले की हे होतं, फाईल एकात आणि चालू दुसराच.

एरर नाही, वॉर्निंग नाही, तरी ४०४: जावॅक्स आणि जकार्ताचा घोळ

मघाशी व्हर्जन लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी. हल्ली नवीन लोकांचा सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार हाच आहे कारण लॉगमध्ये काहीही दिसत नाही.

२०१७ मध्ये ओरॅकलने जावा ईई (सर्व्हलेट ज्यात येतात तो जावाचा भाग) एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, त्याचं नाव जकार्ता ईई झालं, पण जावॅक्स हे पॅकेजचं नाव पुढे वापरून त्यात बदल करायची परवानगी मिळाली नाही. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळी नावं बदलली, जावॅक्स डॉट सर्व्हलेटचं जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं. टॉमकॅट ९ पर्यंत जावॅक्स, टॉमकॅट १० पासून पुढे जकार्ता. एवढाच फरक, पण टॉमकॅटसाठी या दोन पूर्णपणे अनोळखी गोष्टी आहेत.

आता होतं काय, तुम्ही यूट्यूबवर जुना व्हिडिओ बघून जावॅक्स इम्पोर्ट केलं, पोममध्येही जावॅक्सचा सर्व्हलेट एपीआय टाकला, आणि टॉमकॅट मात्र वेबसाईटवरून लेटेस्ट घेतला, १० किंवा ११. कंपाईल छान होतं. टॉमकॅट वॉर उघडतो, त्यात जकार्तावालं वेबसर्व्हलेट ॲनोटेशन शोधतो, त्याला ते मिळत नाही, जावॅक्सवालं त्याच्या लेखी असून नसल्यासारखं, मग त्याला वाटतं या ॲपमध्ये सर्व्हलेटच नाहीत. एरर कशाची देणार? डिप्लॉयमेंट 'फिनिश्ड' म्हणून लॉग येतो आणि /लॉगिन वर ४०४. खूण अशी की इंडेक्स पेज उघडतं पण एकही सर्व्हलेट सापडत नाही. हेच मॅपिंग वेब डॉट एक्सएमएल या ॲपच्या सेटिंग फाईलमध्ये केलेलं असेल तर ४०४ ऐवजी ५०० येतो आणि त्यात जावॅक्सचा क्लास सापडत नाही असं लिहिलेलं असतं, ते बरं निदान कळतं तरी.

उपाय दोन. शिकत असाल आणि कोर्स जुना असेल तर गुपचूप टॉमकॅट ९ घ्या आणि कोर्स संपवा, उगाच लढू नका. नवीन प्रोजेक्ट असेल तर पोममध्ये जकार्ताचा सर्व्हलेट एपीआय घ्या, टॉमकॅट १०.१ साठी ६.० व्हर्जन, स्कोप प्रोव्हायडेड (म्हणजे तो टॉमकॅट देतो, वॉरमध्ये घालायचा नाही), आणि इम्पोर्ट बदला. बदलताना एक काळजी घ्या, सगळ्या प्रोजेक्टवर 'जावॅक्स शोधा जकार्ता टाका' मारू नका, जावॅक्स डॉट एसक्यूएल हे जावाचंच आहे, ते तसंच राहतं, तेही बदललंत तर डेटाबेसचा कोड कंपाईल होणार नाही. जुनी वॉर फाईल आहे पण सोर्स हाताशी नाही, अशा वेळी टॉमकॅट १० च्या फोल्डरमध्ये वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर करून त्यात वॉर टाकली की टॉमकॅट स्वतःच रूपांतर करून घेतो.

स्प्रिंगलाही हेच लागू. स्प्रिंग बूट २ जावॅक्सचं, ३ जकार्ताचं. बूट २ ची वॉर टॉमकॅट १० वर किंवा बूट ३ ची वॉर टॉमकॅट ९ वर टाकली की स्प्रिंगचा तो मोठा अक्षरी बॅनर लॉगमध्ये येतच नाही आणि सगळीकडे ४०४.

याच जातीचं अजून एक कारण, वेब डॉट एक्सएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये 'मेटाडेटा-कंप्लीट' ट्रू असणं. कुठून तरी कॉपी केलेल्या फाईलमध्ये ते असतं आणि त्याने टॉमकॅट तुमच्या क्लासेसमधली ॲनोटेशनं बघायचीच सोडून देतो.

फाईल आहे कुठे

वेब-आयएनएफ फोल्डरमधलं काहीही ब्राउझरमधून थेट उघडत नाही. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. एक्लिप्समध्ये वेब-आयएनएफमधल्या जेएसपीवर राईट क्लिक करून 'रन ऑन सर्व्हर' केलं की तो तशीच यूआरएल बनवतो आणि ४०४ मिळतो. अशी जेएसपी सर्व्हलेटमधून फॉरवर्ड करूनच दाखवायची.

मेव्हन प्रोजेक्टमध्ये जेएसपी, एचटीएमएल, सीएसएस हे सोर्स-मेन-वेबॲप खाली पाहिजे. रिसोर्सेस फोल्डरमध्ये टाकलं तर ते क्लासेसमध्ये जाऊन बसतं. शंका असेल तर अंदाज करू नका, वॉर फाईल ही शेवटी झिपच आहे, जार टीएफ कमांडला तिचं नाव द्या, सगळी यादी समोर येते. सर्व्हलेटची क्लास फाईल वेब-आयएनएफच्या क्लासेसमध्ये दिसतेय का, जेएसपी वाटते त्या जागी आहे का, तिथल्या तिथे कळतं.

स्प्रिंग वापरत असाल तर

सगळ्यात पहिलं, मेन क्लास कुठल्या पॅकेजमध्ये आहे. स्प्रिंग बूट मेन क्लासच्या पॅकेजपासून खालीच कंट्रोलर शोधतो. मेन क्लास कॉम-दुकान-ॲप मध्ये आणि कंट्रोलर कॉम-दुकान-कंट्रोलर मध्ये असेल तर तो शेजारी झाला, खाली नाही, स्प्रिंग तिकडे बघणारच नाही. मेन क्लास एक पायरी वर, कॉम-दुकान मध्ये आणा.

रेस्टकंट्रोलरच्या जागी नुसतं कंट्रोलर लिहिलं आणि मेथडमधून स्ट्रिंग परत केली, तर स्प्रिंग त्या स्ट्रिंगला व्ह्यूचं, म्हणजे दाखवायच्या पेजचं, नाव समजून तशी जेएसपी शोधायला जातो आणि मग ४०४. जुन्या पद्धतीच्या स्प्रिंग एमव्हीसीत डिस्पॅचर सर्व्हलेटला (रिक्वेस्ट घेऊन योग्य कंट्रोलरकडे देणारं स्प्रिंगचं सर्व्हलेट) स्लॅश-स्टार मॅपिंग देऊ नका, नुसता स्लॅश द्या. स्लॅश-स्टार दिलं की जेएसपीकडे केलेला फॉरवर्डसुद्धा परत डिस्पॅचरकडेच येतो, त्याच्याकडे त्या नावाचा कंट्रोलर नसतो आणि लॉगमध्ये 'नो मॅपिंग फॉर गेट' येतं. कोडमध्ये एकही चूक नसते, चूक एका चांदणीची असते.

बूट २ वरून ३ वर गेल्यावर काही लिंक अचानक मेल्या असतील तर शेवटचा स्लॅश बघा. आधी /ग्राहक आणि /ग्राहक/ दोन्ही चालायचं, आता बाय डीफॉल्ट चालत नाही. बूट ३.२ पासून मेसेजही बदललाय, 'नो स्टॅटिक रिसोर्स' असं येतं, ते वाचून लोक सीएसएस शोधत बसतात, खरं म्हणजे कंट्रोलर जुळला नाही एवढंच त्याला म्हणायचं असतं.

बूटचं ॲप लॅपटॉपवर चालतं आणि वॉर बनवून बाहेरच्या टॉमकॅटवर टाकलं की ४०४, तर मेन क्लास स्प्रिंगबूटसर्व्हलेटइनिशियलायझर एक्स्टेंड करतोय का बघा, नसेल तर टॉमकॅटला ॲप सुरू कसं करायचं तेच कळत नाही. आणि प्रॉपर्टीज फाईलमध्ये लिहिलेला कॉन्टेक्स्ट पाथ तिथे चालत नाही, बाहेरच्या टॉमकॅटवर वॉरचं नावच चालतं.

सर्व्हरवर चढवल्यावर

लोकल बरोबर, सर्व्हरवर ४०४, आणि मध्ये एनजिनएक्स असेल तर आधी टॉमकॅटच्या लॉग्समधली ॲक्सेस लॉग फाईल उघडून रिक्वेस्ट आली का बघा. आलीच नाही तर एनजिनएक्समध्ये शोधा. आलीय पण /दुकान/लॉगिन च्या जागी /लॉगिन म्हणून आलीय, तर प्रॉक्सी-पासच्या ओळीत पोर्टच्या पुढे एक स्लॅश जास्त आहे, तो असला की एनजिनएक्स लोकेशनमध्ये लिहिलेला भाग कापून उरलेलाच पुढे पाठवतो. स्लॅश काढा, एनजिनएक्स रीलोड करा.

सगळं दुरुस्त करूनही तुमच्याच ब्राउझरमध्ये ४०४ आणि शेजारच्याकडे नीट चालतंय असं झालं तर कुठेतरी आधी ३०१ रीडायरेक्ट ('पत्ता कायमचा बदलला' असं सांगणारा) गेलेला असतो आणि ब्राउझरने तो लक्षात ठेवलेला असतो, तो सर्व्हरला न विचारताच जुन्या पत्त्यावर जातो. इनकॉग्निटोमध्ये उघडा, किंवा कर्ल (कमांड लाईनवरून यूआरएल मागवायचं टूल) वापरा, कर्ल काही साठवून ठेवत नाही.